संध्याकाळी आभाळ रंगणार का, ते दुपारीच कसं ओळखायचं

पुण्या-मुंबईचे पाहुणे कोकणात यायचे असले की आदल्या दिवशी एक फोन ठरलेला असतो, उद्या सनसेट चांगला मिळेल ना, आणि मी कितीतरी वर्षं एकच उत्तर द्यायचो की हो या, आभाळ एकदम स्वच्छ आहे. हे उत्तर चुकीचं होतं. स्वच्छ आभाळात सूर्य छान गोल दिसतो, पाण्याला टेकतो, दोन-सव्वादोन मिनिटांत बुडतो, मागे थोडा नारिंगी पट्टा राहतो आणि झालं. आपण ज्या फोटोंवर थांबतो, डोक्यापासून पाण्यापर्यंत सगळं गुलाबी-केशरी, ओल्या वाळूतसुद्धा तोच रंग, त्या फोटोंना ढग लागतात. आणि नुसते ढग असून पण भागत नाही, हे मला ज्या दोन संध्याकाळींनी शिकवलं त्या आधी सांगतो.

दोन्ही ऑक्टोबरमधल्या, कोजागिरीच्या आसपासच्या, दोन्ही रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या. पहिल्या दिवशी डोक्यावर लहान लहान पांढऱ्या गोळ्यांचं आभाळ, परातीत कुरमुरे पसरावे तसं, मधे मधे निळं. सव्वासहाला सूर्य बुडाला तेव्हा रंग फारसा नव्हता, ढग जरा पिवळट आणि बस, बरीचशी मंडळी वाळू झटकून गाड्यांकडे निघाली. मी ट्रायपॉडचा एक पाय मिटला होता. मग पाठीमागे डोंगराच्या बाजूचे ढग आधी गुलाबी झाले, तो रंग डोक्यावर आला, तिथून पश्चिमेकडे सरकत गेला आणि जाता जाता गुलाबीचा केशरी, केशरीचा तांबडा होत गेला, साधारण दहा मिनिटं हे चाललं आणि पार्किंगमधून माणसं पळत परत आली. तीन दिवसांनी परत तेच आभाळ, तेच कुरमुरे, हवा तीच, मी तर मित्रांना फोन करून बोलावलं की आज याच, आणि सूर्य बुडाल्यावर ढग राखाडी ते राखाडीच राहिले. वीस मिनिटं आम्ही नुसते बघत उभे. घरी येऊन उपग्रहाचं चित्र उघडलं तर कारण समोर होतं, किनाऱ्यापासून दोनेकशे किलोमीटर आत समुद्रात पावसाळी ढगांची एक लांबलचक भिंत उत्तर-दक्षिण उभी होती. आमच्या जागेवरून ती दिसतसुद्धा नव्हती.

म्हणजे डोक्यावरचे ढग हा फक्त पडदा आहे. प्रोजेक्टर आहे सूर्य, तो बुडाल्यावर क्षितिजाच्या खालून उजेड फेकतो, आणि त्या उजेडाची वाट जर दूर समुद्रात कोणी अडवली तर पडदा कितीही सुंदर असो, त्यावर काही उमटत नाही. सनसेटच्या फोटोसाठी हवामान वाचायचं म्हणजे मुळात या दोनच गोष्टी बघायच्या, पडदा कसा आहे आणि वाट मोकळी आहे का, आणि आपण बहुतेक जण फक्त पडदाच बघतो.

आता हे होतं कसं ते जरा सावकाश बघू. हवेतले कण म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू, हे उजेडाला इकडेतिकडे विखुरतात, आणि निळ्या उजेडाला ते लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात. हे गणित लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने 1871 मध्ये मांडलं. दुपारी सूर्य डोक्यावर असताना उजेडाला हवेचा थर उभा कापून यायचं असतं, अंतर कमी, म्हणून थोडासाच निळा विखुरतो आणि त्यानेच आभाळ निळं दिसतं. संध्याकाळी तोच उजेड तिरका, जमिनीला लागून येतो आणि दुपारच्या जवळजवळ 38 पट हवा पार करून आपल्यापर्यंत पोहोचतो, वाटेत निळा सगळा सांडून जातो, हिरवाही बराचसा जातो, उरतो तो पिवळा, केशरी, लाल. ढगाचे थेंब त्या मानाने खूप मोठे, ते रंगांत भेदभाव करत नाहीत, जो उजेड पडेल तोच परत देतात, म्हणून दुपारी ढग पांढरा आणि संध्याकाळी तोच ढग लाल. ढगाला स्वतःचा रंग नसतो म्हणूनच तो चांगला पडदा आहे.

इथे एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो तो काढायला हवा, की हवेत धूळ-धूर जास्त तर सनसेट जास्त रंगीत. असं नाहीये. शहराच्या धुरातले आणि धुळीतले मोठे कण सगळेच रंग अडवतात, त्यामुळे आभाळ मळकट होतं, लाल सुद्धा विटकरी-तपकिरी दिसतो, आणि सूर्य क्षितिजाच्या दोन बोटं वरच फिकट होऊन विरून जातो, जानेवारीत मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उभं राहून हे कुणीही बघावं. उलट जोरदार सर येऊन गेल्यावर, हवा धुऊन निघाल्यावर जो रंग येतो तो अगदी शुद्ध असतो. ज्वालामुखीची गोष्ट वेगळी. 1883 मध्ये क्राकाटोआ फुटला आणि 1991 मध्ये पिनाटुबो, तेव्हा गंधकाचे अतिशय बारीक थेंब पावसाच्या ढगांच्याही वर जाऊन महिनोन्‌महिने तिथेच राहिले आणि जगभर संध्याकाळी जांभळट-लाल व्हायला लागल्या, पण ते कण बारीक होते, साधारण एकाच आकाराचे होते आणि खूप उंचावर होते. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत यातलं काहीच नाही.

आता वाटेचं माप, कारण सगळी गंमत याच आकड्यांत आहे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे उंचावरच्या ढगाला सूर्य आपल्यापेक्षा जास्त वेळ दिसत राहतो. डोक्यावर 10 किमी उंचीवर ढग असेल तर त्याच्यावर पडणारा शेवटचा उजेड आपल्यापासून साधारण 350 किमी पश्चिमेला समुद्राला घासून आलेला असतो. ढग 5 किमीवर असेल तर हे अंतर साधारण 250 किमी, 2 किमीवर असेल तर 160. यावरून वेळ पण काढता येते, आपल्या अक्षांशावर 10 किमीवरचा ढग सूर्य बुडाल्यावर तेरा-चौदा मिनिटांपर्यंत उजेडात राहू शकतो, 5 किमीवरचा नऊ-दहा मिनिटं, 2 किमीवरचा सहा. म्हणून त्या दिवशी सव्वासहाला निघून गेलेल्यांना काही मिळालं नाही. सूर्य बुडणं हा मध्यंतर समजा, बाहेर पडायची वेळ नाही.

हे आकडे नकाशावर कसे बसवायचे तर आपल्याकडे एक अंश रेखांश म्हणजे साधारण 106 किमी. रत्नागिरी, गणपतीपुळे, गुहागर, हा सगळा पट्टा 73 पूर्वच्या आसपास आहे, तेव्हा उपग्रहाच्या चित्रावर 70 ते 73 या तीन अंशांमधला समुद्र मोकळा दिसला तर वाट मोकळी समजायची. एक भर घालतो, ज्या जागी उजेड समुद्राला घासतो त्याच्या पलीकडे तो परत वर चढत गेलेला असतो, त्यामुळे तिथे बसके ढग असले तरी चालतं, पण पावसाळी ढगांचे दहा-पंधरा किमी उंच मनोरे असतील तर ते 500-600 किमीवरूनसुद्धा उजेड अडवू शकतात. चक्रीवादळ अरबी समुद्रात असताना आपल्याकडे डोक्यावर तंतूंसारखे सुंदर उंच ढग दिसतात आणि कधी कधी संध्याकाळी रंग मात्र येत नाही त्याचं हे एक कारण.

चित्र कुठे बघायचं, तर हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅट थ्रीडीआर आणि थ्रीडीएस या आपल्याच उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, यातला थ्रीडीएस 17 फेब्रुवारी 2024 ला सोडला. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्या जागतिक वेळेत, लिहिलेली असेल तर साडेपाच तास मिळवायचे, नाहीतर सकाळचं चित्र बघून आपण संध्याकाळचा अंदाज बांधत बसतो, मी हे केलेलं आहे. दोन प्रकारची चित्रं उघडायची. एक व्हिजिबल, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं, यात जाड ढग पांढरे दिसतात मग ते उंच असोत की बसके. दुसरं इन्फ्रारेड, यात तापमान दिसतं, जितका ढग थंड तितका पांढरा, आणि थंड म्हणजे उंच. आता एखादा ठिपका व्हिजिबलमध्ये पांढरा आणि इन्फ्रारेडमध्ये समुद्रासारखाच करडा असेल तर तो बसका ढग आहे, दोन्हीत चकचकीत पांढरा असेल तर पावसाळी मनोरा, आणि इन्फ्रारेडमध्ये पांढरा पण व्हिजिबलमध्ये जेमतेम धूसर असेल तर तो वरचा पातळ तंतुमय ढग, म्हणजे आपला पडदा. दोन चित्रं शेजारी ठेवून हे ओळखायची सवय आठवडाभरात होते. दुपारी तीनचं, चारचं आणि पाचचं चित्र ओळीने बघितलं की ढग कुठल्या दिशेला सरकतायत तेही कळतं, आणि खरा अंदाज त्यावरच बांधायचा.

विंडीसारखी अॅप्स पण उपयोगाची आहेत, त्यात खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे दाखवता येतात, मी दोन दिवस आधी त्यात बघतो आणि मधले किंवा वरचे ढग निम्म्याच्या आसपास आणि खालचे जवळजवळ शून्य असं आलं की बॅटरी चार्जिंगला लावतो. पण आपल्या भागात दुपारनंतर उभे राहणारे गडगडाटी ढग या अॅप्सच्या मागे असलेल्या अंदाजाच्या संगणकी मॉडेलला नेमके पकडता येत नाहीत, युरोपियन मॉडेलची चौकट साधारण 9 किमीची, त्यात एकटादुकटा ढग बसतच नाही. म्हणून अॅपवर दिवस ठरवावा आणि उपग्रहावर वेळ ठरवावी, आणि शेवटचा शब्द आपल्या डोळ्यांचा.

डोळ्यांनी काय बघायचं ते आता. शाळेच्या भूगोलात सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस पाठ केलेले असतात, ही नावं लंडनच्या ल्यूक हॉवर्डने 1802 मध्ये सुचवली, तो व्यवसायाने औषधं बनवणारा होता आणि ढगांचा त्याला नाद होता. फोटोसाठी नावांपेक्षा उंची महत्त्वाची. माझा सगळ्यात आवडता ढग म्हणजे आल्टोक्युम्युलस, मधल्या उंचीचा, तेच ते कुरमुरे किंवा पिंजलेल्या कापसाचे पुंजके. याच्या पोटाला उठाव असतो, तिरका उजेड पडला की प्रत्येक पुंजक्याची एक कड पेटते आणि दुसरी निळसर राहते, म्हणून फोटोत खोली येते. पण याच्यासारखेच दिसणारे बसके ढग पण असतात आणि त्यात फसायला होतं, तर ओळखायची युक्ती अशी, हात सरळ लांब करायचा आणि बोटं आडवी धरून बऱ्यापैकी वर असलेला एक पुंजका मोजायचा. एका बोटाहून लहान असेल तर तो फार उंचावरचा, एक ते तीन बोटं असेल तर मधला, आणि मुठीएवढा असेल तर तो बसका स्ट्रॅटोक्युम्युलस. बसक्या ढगावर रंग येतो पण कमी वेळ आणि मळकट, कारण तो धुळीच्या आणि खाऱ्या दमट हवेच्या थरात नाहीतर त्याला लागूनच असतो.

सिरस म्हणजे वरचे बर्फाच्या कणांचे तंतू, कोणीतरी आभाळावरून कंगवा फिरवल्यासारखे. हे सगळ्यात शेवटपर्यंत रंगलेले राहतात. त्यांचे पट्टे जर पश्चिमेकडून आपल्या दिशेला पंख्यासारखे पसरत येत असतील तर वाइड लेन्स लावा आणि सूर्याचा नाद सोडा. सिरोस्ट्रॅटस म्हणजे वरचा पातळ सलग पडदा, तो आला की दुपारी सूर्याला खळं पडतं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेल्या पंजाएवढ्या अंतरावर गोल कडं, आपल्याकडे चंद्राला पडलेलं खळं सगळ्यांनी बघितलेलं असतं तसंच. दुपारी सूर्याला खळं दिसलं आणि वाट मोकळी असली तर संध्याकाळी भडक केशरी येत नाही, सगळीकडे सारखा मऊ, पिवळट-गुलाबी रंग येतो, मला तो होड्यांच्या आणि माणसांच्या फोटोंना जास्त आवडतो. आणि मळभ, म्हणजे सलग जाड राखाडी आभाळ, सूर्य आहे की नाही तेच कळत नाही असं, त्या दिवशी घरी बसावं, एकच अपवाद सोडून.

तो अपवाद पावसाळ्यातला. जून-जुलैत आभाळ पार झाकलेलं असतं, पण कधी कधी अगदी क्षितिजाला, समुद्र आणि ढगाच्या मधे, एक बारीक उजळ फट असते. पाच वाजता ती फट दिसली तर निघायचं. सूर्य वरून सरकत त्या फटीत आला की तीन-चार मिनिटं उजेड थेट खालून अख्ख्या ढगाच्या पोटावर पडतो आणि सगळा किनारा, वाळू, लाटेचा फेस, माणसांचे चेहरे, तांब्याच्या भांड्याच्या रंगाचे होतात. मग बंद. फट दोन बोटांची असेल तर वेळ पंधरा मिनिटं, एका बोटाला साधारण सात-आठ मिनिटं हा हिशोब आपल्याकडे बरोबर बसतो, सूर्य क्षितिजापासून किती वर आहे तेही असंच बोटांनी मोजता येतं.

आता आपल्या किनाऱ्याचं वर्ष. माझ्या मते ऑक्टोबर सगळ्यात श्रीमंत, त्यात शंका नाही. पावसाने हवा धुतलेली असते, आणि दुपारी सह्याद्रीवर गडगडाटी ढग उभे राहतात, त्यांचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा सपाट पसरतो, आणि पूर्वेचा वारा असला की तो माथा किनाऱ्याकडे, समुद्राकडे वाहत येतो. म्हणजे पडदा मागून तयार होऊन येतो आणि समोर समुद्रावर बऱ्याचदा काहीच नसतं. चार वाजता पूर्वेला डोंगरावर ढग फुलकोबीसारखे फुगताना दिसले आणि पश्चिमेला रेघ स्वच्छ असली तर त्या दिवशीची बाकीची कामं मी पुढे ढकलतो. फक्त गडगडाट ऐकू यायला लागला की वाळूवर उघड्यावर उभं राहायचं नाही, तुम्ही आणि ट्रायपॉड हीच तिथली सगळ्यात उंच गोष्ट असते, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीत बसा, रंग चुकला तर चुकला.

दुसरा चांगला काळ मे महिन्याचा उत्तरार्ध, हवा दमट असते पण ढगांना आकार यायला लागतो, समुद्र खवळायला लागलेला असतो. या दिवसांत चक्रीवादळाचा इशारा असेल तर किनाऱ्याकडे फिरकू नये, 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने अलिबाग-श्रीवर्धन-दापोली पट्ट्याचं काय केलं ते आम्ही पाहिलंय, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ असतो तेव्हा पश्चिमेपेक्षा पूर्वेला तोंड करून उभं राहिलं तर बरं, सूर्य क्षितिजाजवळ असताना इंद्रधनुष्य पूर्ण अर्धं वर्तुळ होतं, सूर्य वर असताना ते एवढं मोठं कधीच मिळत नाही. आणि एक ध्यानात असू द्या, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा क्षितिजावर होडीची काळी आकृती हवी असेल तर ऑगस्टची वाट बघा.

हिवाळ्यात आभाळ रिकामं आणि खालची हवा साचलेली असते, सकाळी मतलई वारा जमिनीकडची धूळ-धूर समुद्रावर नेऊन ठेवतो, दुपारी खारे वारे त्यातलं बरंचसं परत आणतात, त्यामुळे क्षितिज दुधात बुडवल्यासारखं दिसतं. पण डिसेंबर ते फेब्रुवारीत कधी कधी वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर तंतूंचे लांब पट्टे महाराष्ट्रावरून जातात, ते दिवस पकडायचे. आणि हिवाळ्यात थोरल्या लेन्सने सूर्याचा आकार बघण्यासारखा असतो. क्षितिजाजवळ हवा उजेडाला वाकवते, एवढी की टेकलेला दिसणारा सूर्य खरंतर आधीच खाली गेलेला असतो, आणि खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली गेल्याने तो चपटा दिसतो, पाण्याचं तापमान हवेपेक्षा जास्त असलं तर त्याला खाली पाय फुटतो आणि तो समईच्या बुडासारखा दिसायला लागतो. यासाठी 400 मिमीच्या पुढची लेन्स लागते, 200 मिमीवर सूर्य सेन्सरवर जेमतेम दोन मिलिमीटरचा येतो. सूर्य लाल-मंद झालेला नसेल तर डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे बघू नका, स्क्रीनवर बघा, डोळा काही सेकंदांत कायमचा जाऊ शकतो.

निघायच्या आधीची शेवटची परीक्षा अगदी सोपी आहे आणि ती माझी कधी क्वचितच चुकते, समुद्र आणि आभाळ जिथे मिळतात ती रेघ बघायची. ती सुरीने कापल्यासारखी धारदार दिसत असेल तर हवा स्वच्छ, रंग शुद्ध येणार. रेघ पुसट असेल पण ओळखू येत असेल तर सूर्य लाल गोळा होणार, त्याचाच फोटो घ्या. रेघच नसेल तर सूर्य अर्ध्यातच गायब होणार. दूरचं एखादं भूशिर ठरवून ठेवा, त्यावरची झाडं आज वेगळी दिसतायत का नुसता निळा ढिगारा दिसतोय, रोज तेच बघितलं की महिन्याभरात डोळा तयार होतो.

सूर्य कुठे बुडणार हेही वर्षभर सरकतं, जूनमध्ये पश्चिमेच्या साधारण 25 अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला, म्हणजे हात लांब करून पाच मुठी एवढा झोका. अलिबागला कुलाबा किल्ल्यामागे सूर्य धरायचा असेल तर वाळूवर कुठे उभं राहायचं ती जागा महिन्यागणिक बदलते. वेळ पण बदलते, मुंबईत नोव्हेंबरच्या शेवटी सहाला सूर्यास्त आणि जुलैच्या सुरुवातीला सात वीसला.

आणि भरती-ओहोटी. ओहोटीला लाट मागे गेल्यावर वाळूवर पाण्याचा जो आरसा राहतो तो फोटो अर्धा जिंकून देतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, म्हणजे अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताला पाणी पायाशी असतं आणि वाळू कमी. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बरोबर सहाच्या आसपास, आणि ती मोठी ओहोटी, पाणी खूप आत जातं. हा हिशोब मुंबईकडे नीट बसतो, दक्षिणेला येताना थोडा अलीकडे सरकतो, तेव्हा टेबल बघाच. कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी आरे-वारेला जो आरसा मिळाला तो यामुळे. खडकांवर मात्र शेवाळ असतं आणि पावसाळ्यात एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप मोठी येते, समुद्राकडे पाठ करून ट्रायपॉड लावू नका.

कॅमेऱ्याचं फार सांगत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा, ऑटो बिचारं सगळा केशरी रंग चूक समजून दुरुस्त करतं. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी, मोबाइल असेल तर उजळ ढगावर बोट टेकवून उजेड खाली ओढा. लाटा परत जातानाच्या रेघा हव्या असतील तर शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं ठेवा. खाऱ्या तुषारांनी काच धूसर होते, दर पाच मिनिटांनी पुसा, मी रुमालाऐवजी जुन्या मऊ सुती कापडाचे चार तुकडे ठेवतो आणि ओला झालेला परत वापरत नाही.

सूर्य बुडाल्यावर मागे वळून बघायचं राहून जातं. पूर्वेला डोंगरांच्या वर एक गुलाबी पट्टा दिसतो आणि त्याच्या खाली निळसर-करडा, हा करडा भाग म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली, आणि ती दर मिनिटाला वर चढत असते. ती डोक्यावरच्या ढगांपर्यंत पोहोचली की त्यांचा रंग विझतो, म्हणून रंग पूर्वेकडून जायला लागतो आणि पश्चिमेला सगळ्यात शेवटी राहतो. तेव्हा आधी मागचे ढग घ्या, मग डोक्यावरचे, मग पश्चिमेचे, याच क्रमाने. कधी पश्चिमेकडून निळ्या रंगाचे पट्टे पंख्यासारखे वर आलेले दिसतात, त्या क्षितिजापलीकडच्या ढगांच्या सावल्या. माझ्या दुसऱ्या संध्याकाळी सूर्य बुडायच्या आधीच असे दोन जाड निळे पट्टे वर चढले होते, फोटोत आजही दिसतात, आणि त्या भिंतीची खबर तेव्हाच समोर होती, मला वाचता येत नव्हती. आता मी ते पट्टे आधी शोधतो, एकदोन बारीक असतील तर फोटोत घेतो, आणि सगळं पश्चिम क्षितिज निळ्यानेच भरलेलं असेल तर शेजारच्यांना सांगतो की ढगांवर काही येणार नाही आज, ओल्या वाळूवरचे पोरांचे फोटो काढा, उजेड अजून वीसेक मिनिटं आहे.